स्वतः पाहिले

सरांनी माझा चेहरा नीट पाहिला आहे की नाही, याची मला पहिले सहा महिने खात्री नव्हती. ते माणूस बघायचे ते गुडघ्यांपासून. दारातून कोणी आत आलं की त्यांची नजर आधी खाली जायची, चार पावलं निरखायची आणि मग सवड मिळालीच तर वर यायची. दुसऱ्या कोणी असं पाहिलं असतं तर मी आठवडाभरात नोकरी सोडली असती. पण डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायांकडे सुतार ज्या नजरेने बघतो, ती नजर सरांची होती. तिच्यात दुसरं काही मावायला जागाच नव्हती.

सर नाशिकमध्ये हाडांचे डॉक्टर होते. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अलीकडे एका गल्लीत त्यांचं लहानसं हॉस्पिटल होतं. सगळी हाडं ते बघत, पण जीव गुडघ्यात, आणि गुडघ्यातही आतल्या लिगामेंटमध्ये. पेशंटला ते समजावत, "दोन हाडं एकमेकांवर ठेवलीत. ती घसरू नयेत म्हणून आत करंगळीएवढा दोर आहे. तो तुटला की माणूस सरळ चालतो, पण वळला की गुडघा दगा देतो." पेशंट म्हणायचे, "हां डॉक्टर, सटकतो." सरांना तो शब्द फार आवडायचा. इंग्रजीतली दोन पानं या एका शब्दात बसतात, असं ते म्हणत.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पेशंट म्हणजे 'सिन्नरचा डावा', 'मालेगावचा उजवा'. मी सायखेड्याहून एसटीने यायचे, म्हणून मी 'सायखेडा'. आमच्या मोठ्या सिस्टर तिथे वीस वर्षं होत्या आणि सरांना न घाबरणाऱ्या त्या एकट्याच. त्या मला म्हणाल्या, "तुझे दोन्ही गुडघे धड आहेत ना, म्हणून नुसतंच गाव मिळालं तुला. मला तर अजून 'अहो' म्हणतात."

एकदा पंचवटीच्या भाजीबाजारापाशी त्यांनी स्कूटर भर रस्त्यात सोडून दिली आणि डोक्यावर टोमॅटोचा क्रेट घेऊन चाललेल्या एका माणसामागे धावले. "अहो थांबा! उजवा पाय का फेकताय?" तो बिचारा आणखी जोरात चालायला लागला. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. एक भाजीवाली ओरडली, "ओ मामा, गाडी काढा आधी, मग पाय बघा लोकांचे!" शेवटी सरांनी त्याला गाठलं, क्रेट स्वतः उतरवून घेतला आणि तिथेच एका ओट्यावर बसवून गुडघा तपासला. चार वर्षांपूर्वी कबड्डीत पडला होता. वात आहे म्हणून तेल चोळत होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या रजिस्टरात आला.

ते रजिस्टर म्हणजे सरांचा दुसरा संसार. लिगामेंट तुटलेल्या काही पेशंटना ते दुर्बिणीतून ऑपरेशन करून नवा दोर बसवत. काहींना ऑपरेशन नको असे, त्यांना नुसता व्यायाम. दोन वर्षांनी कोण काय करू शकतं, हे त्यांना मोजायचं होतं. असं काम मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांनी करायचं असतं, असं त्यांना सगळे सांगायचे. सर म्हणत, "गुडघे इथे तुटतात, मग मोजायचे तिथे का?"

मोजण्यासाठी गळ्यात शिंप्याची टेप. मांडीचा घेर घ्यायचा, कारण दुखऱ्या पायाची मांडी आधी वाळते. कापडी टेप ताणून सैल होते म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला नवी टेप, आणि जुनी सिस्टरांच्या शिंपी भावाला भेट. सिस्टर म्हणायच्या, "भाऊ माझा ब्लाऊज बिघडवतो, ते तुमच्या टेपमुळे."

रजिस्टराच्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'स्वतः पाहिले'. पेशंटला समोर चालवून, बसवून, उठवून पाहिलं असेल तरच तिथे सही करायची. ऐकीव माहिती असेल तर रकाना कोरा. सर सांगायचे, "कोऱ्या रकान्याची लाज वाटून घ्यायची नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की अजून जायचं आहे."

मला हे समजायला वेळ लागला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील मेथी-कोथिंबीर पिकवत आणि पहाटेच्या गाडीने नाशिकला माल पाठवत. शाळेत गुरुजींनी एकच मंत्र दिला होता: पेपर कोरा ठेवायचा नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहून या, हातचे मार्क सोडू नका. त्या मंत्रावर मी संख्याशास्त्रात बी. एस्सी. झाले होते. मुलाखतीत सरांनी विचारलं, "तुझ्या शाळेला पायऱ्या किती?"

मी म्हणाले, "बारा."

"मोजल्यास?"

"नाही."

"मग बारा कुठून आल्या?"

सर म्हणाले, "उद्या मोजून ये." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "नऊ." ते म्हणाले, "आजपासून कामाला लाग." घरी मी सांगितलं की माझी निवड झाली. पायऱ्यांचं सांगितलं नाही.

पहिली मोठी अडचण आली ती पेशंटच्या उत्तरांची. 'गुडघा कसा आहे?' विचारलं की प्रत्येक जण म्हणायचा, "बरा आहे." लंगडत आलेलाही म्हणायचा, "बरा आहे, तुमची कृपा." सरांना वाटलं, आपण समोर असतो म्हणून लोक भिडेने बोलतात. म्हणून प्रश्न मी विचारायचे आणि ते हिरव्या पडद्यामागे उभं राहून ऐकायचे. तरी उत्तर तेच, उलट जरा मोठ्या आवाजात. एक आजोबा तर पडद्याकडे हात जोडून म्हणाले, "लय बरंय डॉक्टर!"

मी म्हटलं, "सर, पडद्याखालून तुमच्या चपला दिसतात."

दुसऱ्या दिवशी ते अनवाणी उभे राहिले. सिस्टर म्हणाल्या, "आता पाय दिसतात. अख्खं नाशिक ओळखतं ते पाय." मग सर गच्चीवर जाऊन बसले. तरी लोक 'बरा आहे'च म्हणत राहिले.

तेव्हा मी धीर करून म्हणाले, "सर, आमच्या गावाकडे 'कसं काय?' विचारलं तर 'बरंय' असंच म्हणतात. ते उत्तर नसतं. तो रामराम असतो."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मला वाटतं, चेहरा त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. "मग विचारायचं काय?"

"काल काय केलं, ते विचारायचं. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलेल, पण कालच्या कामाबद्दल नाही."

त्या संध्याकाळी आम्ही प्रश्नावली नव्याने लिहिली. बाहेरून आलेल्या प्रश्नावलीत बर्फावरच्या खेळाचे प्रश्न होते. आम्ही लिहिलं: काल उकिडवं बसलात का, किती वेळ? जेवताना मांडी घातली का? डोक्यावर ओझं घेऊन उतार उतरलात का? शेताच्या बांधावरून उडी मारलीत की वळसा घातलात? 'वळसा' हा प्रश्न माझा. आमच्या शेजारच्या काकांवरून सुचला होता. सरांनी तो वाचून स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांचा आनंद एवढाच दिसायचा.

ते लग्नांनाही जात, पण आहेर देऊन जेवायला बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ऑपरेशन झालेला एक मुलगा बोहल्यावर चढला तेव्हा सर मांडवाच्या खांबाला टेकून घड्याळ लावून उभे. नवरदेवाने विधींसाठी किती वेळ मांडी घातली, कितीदा पाय बदलला, ते आमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहीत होते. मुलीकडच्या एकाने मला हळूच विचारलं, "मुलात काही खोट आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, उलट फार चांगला बसलाय." तेवढ्यात सर मोठ्याने म्हणाले, "उठताना हात टेकला!" आणि अर्धा मांडव वळून बघायला लागला.

आता हरसूलच्या उजव्याबद्दल लिहायला हवं. ते टाळून सरांचं चित्र पुरं होणार नाही, आणि माझंही.

हरसूलच्या वरच्या पाड्यावरचा हा पंचविशीतला गडी. कबड्डीत गुडघा गेला होता. सरांनी ऑपरेशन केलं तेव्हा ते त्यांचं सगळ्यात सुबक काम, असं ते स्वतः म्हणाले होते. पहिलं वर्षभर तो आला आणि मग यायचा थांबला. दोन वर्षं पुरी झाली तेव्हा मी त्याला बघायला हरसूलला गेले. बाजाराचा दिवस होता. पाडा डोंगरावर तासभर चालीवर, आणि परतीची गाडी चारला. बाजारात त्याची आई नागली विकत बसलेली सापडली.

"बरा हाय गं बाई," ती म्हणाली. "शेतात जातो. वझं उचलतो. डॉक्टरला रामराम सांग."

मी उन्हात उभी होते. डोंगराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. रजिस्टराच्या त्या ओळीतले सगळे रकाने भरले होते, एक सोडून. कोरं काही ठेवायचं नाही, हे माझ्या हाताला इतकं शिकवलेलं होतं की सही करताना हात अडखळलासुद्धा नाही. 'स्वतः पाहिले.'

पुढच्या तीन महिन्यांत सरांचा निबंध तयार झाला. सर्जन लोकांच्या मोठ्या परिषदेत तो वाचायचा होता. निकाल देखणे होते. सरांचं तिकीट आलं होतं, आणि सिस्टरांनी त्यांचा एकमेव कोट धोब्याकडे दिला होता.

निघायला चार दिवस होते. सकाळी सायखेड्याच्या गाडीतून उतरले तर शेजारी हरसूलची गाडी लागलेली. त्यातून तो उतरत होता, पाठमोरा. दोन्ही हातांनी दांडे धरून, उजवा पाय काठीसारखा ताठ ठेवून. खाली उतरून वळला आणि मला पाहिलं. मी ओळखीचं हसले. त्याने मान फिरवली आणि गर्दीत शिरला. मी त्याला हाक मारू शकले असते. मारली नाही.

दुपारपर्यंत मी गप्प होते. एका गुडघ्याने काय फरक पडतो, असंही मनाला सांगून पाहिलं. नोकरी जाईल, ही भीती होतीच, कारण वडिलांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं की मुलगी डॉक्टरांबरोबर संशोधन करते. पण त्याहून मोठी भीती ही होती की सर परिषदेत उभे राहून माझं खोटं स्वतःच्या तोंडाने, खरं समजून वाचतील. ज्या माणसाने नऊ पायऱ्यांवर मला कामाला ठेवलं, त्याच्या तोंडी मी पुन्हा 'बारा' घातले होते.

मी आत जाऊन सांगितलं. सर रागावले की बोलत नसत, टेप बोटाला गुंडाळत. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "असं किती जणांचं केलंस?"

"एकाचंच."

"मी विश्वास ठेवू?"

तोंडावर 'हो' आलं होतं. ते मी गिळलं. म्हणाले, "नका ठेवू सर. माझ्या सगळ्या सह्या पुन्हा तपासू."

त्यांनी टेप सोडली. "हरसूलची पहिली गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पाडा चढलो. सर धापा टाकत होते, पण वाटेत भेटेल त्याचे गुडघे बघायला विसरत नव्हते. तो घरासमोर बसला होता. आम्हाला पाहून उठायला गेला आणि त्याला भिंत धरावी लागली. सरांनी त्याला तिथेच आडवं केलं, गुडघा वाकवला आणि नडगी पुढे ओढली. हाड अलगद पुढे सरकलं. मलाही दिसलं. नवा दोर सुटला होता.

"कधीपासून?"

"लावणीच्या वक्ताला. चिखलात पाय फिरला."

"मग आला का नाहीस?"

तो मातीत रेघा ओढत राहिला. आई आतून म्हणाली, "सांग की. मला सांगतो बरा हाय, बरा हाय."

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही येवढी मेहनत घेतली. पाय माझाच टिकला नाय. दवाखान्यात चार लोक बसलेले असतात. मी लंगडत आलो तर म्हनतील, ह्या डॉक्टरनं केलेला पाय बघा. तुमच्या नावाला बट्टा नको, म्हनून नाय आलो."

सर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांना मांडी घालून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "म्हणजे इतके दिवस तू माझी अब्रू सांभाळत होतास."

"हां."

"आणि तुझा पाय कोण सांभाळणार होतं?"

आईने नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. सर खाली बघत सगळं जेवले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "मी धरून चाललो होतो की जे येत नाहीत ते बरे होऊन कामाला लागलेत. उलटं आहे, सायखेडा. ज्याचा बिघडला तोच माझी अब्रू राखायला घरी बसला. माझे निकाल देखणे आहेत, कारण माझे पेशंट सभ्य आहेत."

मी विचारलं, "ती सही खोडून टाकू का?"

"खोडायची नाही. एक आडवी रेघ मार, खाली खरं काय ते लिही आणि आजची तारीख घाल. चूक पुढच्याला वाचता आली पाहिजे."

परिषदेला त्यांनी कळवलं की निबंध तयार नाही. कोट धोब्याकडून आला तसा कपाटात गेला. पुढचं वर्षभर, दर रविवारी, कधी एसटीने, कधी स्कूटरने, न येणाऱ्यांना आम्ही शोधलं. माझ्या सगळ्या जुन्या सह्याही तपासल्या. बाकीच्या खऱ्या निघाल्या. कोणी नांगरामागून ओरडला, "बरा झालो, आता कशाला येऊ?" आणि कोणी दाराआड उभा राहिला, हरसूलच्या उजव्यासारखा. सरांचे निकाल तेवढे देखणे राहिले नाहीत. नुसता व्यायाम केलेले लोक त्यांना वाटलं होतं तेवढे मागे नव्हते. ऑपरेशनवर जीव असलेल्या माणसाला हे लिहिताना काय वाटलं असेल, ते मी टेपकडे बघून ओळखलं. पण लिहिलं सगळं.

पुढच्या परिषदेत मीही गेले. निबंध संपल्यावर एका ज्येष्ठ सर्जननी विचारलं, "गेल्या वर्षी निकाल चांगले होते म्हणे. ते बिघडवलेत कशाला?" सर म्हणाले, "बिघडलेले होतेच. मी फक्त भेटायला गेलो." आणि मग माझ्याकडे हात करून, "कसं विचारायचं, ते यांनी शिकवलं."

त्या परिषदेला निघण्याआधी आठवडाभर सर सिस्टरांना विचारत होते, "अहो, सायखेड्याचं नाव काय हो? पूर्ण, आडनावासकट." निबंधावर दोन नावं छापायची होती. चार वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा विचारलं, ते स्वतःच्या नावाशेजारी लिहायला. तो छापील कागद वडिलांनी हातात धरून बराच वेळ पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. म्हणाले, "खरं लिहिलंय ना सगळं?" मी मान वर करून 'हो' म्हणाले. तो 'हो' म्हणता आला, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण.

हरसूलच्या उजव्याचं सरांनी दिवाळीनंतर पुन्हा ऑपरेशन केलं आणि या वेळी लावणीच्या दिवसांत स्वतः पाड्यावर जाऊन त्याला चिखलाबाहेर बसवलं. तो पुन्हा कबड्डी खेळला नाही. डोंगर मात्र ओझं घेऊन उतरतो.

मी पुढे एम. एस्सी. केलं आणि कॉलेजात शिकवू लागले. वर्गात पहिल्या दिवशी मुलांना कॉलेजच्या पायऱ्या विचारते. सरांनी वयामुळे ऑपरेशनं थांबवली. काही वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांच्याकडे गेले, तर दार लोटलेलंच होतं. पावलं ऐकूनच आतून आवाज आला, "ये सायखेडा. डावी चप्पल जास्त झिजलीये तुझी."

ते खुर्चीत होते. शेजारी काठी. मी नमस्कार करून विचारलं, "कसे आहात सर?"

"बरा आहे," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "हा रामराम झाला. आता विचार."

"काल काय केलंत?"

त्यांनी काठीकडे पाहिलं. "गंगेवर गेलो होतो. पाच पायऱ्या उतरलो. सहावीला गुडघा सटकला. मुलाला सांगितलं नाही, म्हटलं, गुडघ्याच्या डॉक्टरचाच गुडघा, लोक काय म्हणतील." बोलता बोलता ते थांबले. आम्हा दोघांनाही एकदमच तो पाडा आठवला असावा.

मी उठले. खुंटीवरची टेप घेतली आणि त्यांची काठी त्यांच्या हातात दिली. "चला सर. चपला घाला."

"कुठे?"

"गंगेवर."

रिक्षाने गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उतरले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पायरीवर गुडघा सटकायला लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला. मग आम्ही तिथेच बसलो. त्यांच्या मांड्या मोजल्या, उजवी वाळली होती. पर्समधल्या वहीत मी सगळं लिहिलं, उद्या कोणत्या डॉक्टरांकडे जायचं तेही. सर वाकून वाचत होते. शेवटी त्यांनी कागदावर बोट ठेवलं, जिथे आमच्या रजिस्टरात तो रकाना असायचा.

मी तिथे लिहिलं, 'स्वतः पाहिले', आणि खाली पूर्ण नावाने सही केली.